सेला नावाच्या बाईबद्दल, आणि बाकी जिनसांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, मॅट्रिक पास, धंदा घरकाम, हे मृत्युपत्र देवाला स्मरून स्वतःच्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला ते लागत नाहीत. कोणी दबाव आणलेला नाही. सून दोनदा चहा विचारून गेली, त्याला दबाव म्हणत नाहीत.

१. राहते घर, दोन खोल्या व मागचा व्हरांडा, मुलगा आणि सून या दोघांना समान. सुनेचे नाव मी मुद्दाम घालते. ह्यांनी जाण्यापूर्वी घर माझ्या नावे केले, तेव्हा कळले की कागदावर नाव असले की बाई जरा ताठ बसते.

२. शिलाई मशीन सुनेला. बॉबिन अडकते. वैतागू नये, तेल द्यावे.

३. नणंदबाईंनी माझी इस्त्री दोन दिवसांसाठी नेली त्याला सव्वीस वर्षे झाली. ती मी त्यांना या मृत्युपत्राने देते, म्हणजे निदान यापुढे ती त्यांच्याकडे रीतसर राहील.

४. बँकेतली ठेव आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाला. त्यातून शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, शब्दकोश व टीकाग्रंथ घ्यावेत आणि कपाटाला कुलूप लावू नये. नव्या स्पीकरसाठी त्यातले काही वापरू नये. आवाज आहे तेवढा पुरे. पाठांतराला बक्षीस देणे बंद करावे. ज्याच्या प्रश्नाने शिकवणारा गप्प होईल, त्याला द्यावे.

५. माझे बायबल, पुठ्ठा दोनदा चिकटवलेले, नातीला. याचे कारण लिहूनच ठेवते, कारण तोंडाने सांगायला आठ वर्षे पुरली नाहीत.

बायबलातल्या स्तोत्रांत मधूनमधून ओळीच्या शेवटी 'सेला' असा शब्द येतो. आपल्याकडे गाण्याच्या शेवटी कवी आपले नाव गुंफतो, तसेच हे कोणा बाईचे नाव, असे मी या घरात आल्यापासून धरून चालले. कोणाला विचारले नाही. उलट रविवारच्या शाळेत अकरा वर्षे मुलींना शिकवले, की सेला नावाची एक भक्त बाई होती आणि स्तोत्रे रचणारा राजा तिचीही गाणी ठेवून घेत असे. सांगताना माझेच डोळे भरून यायचे. नात झाली तेव्हा हट्टाने तिचे नाव तेच ठेवले.

ती अकरा वर्षांची असताना रविवारच्या शाळेत दुसऱ्या चर्चचे एक पाहुणे पाळक आले. नाव ऐकून हसले आणि म्हणाले, "अगं, हे नाव नव्हे. याचा अर्थ कोणालाच नक्की ठाऊक नाही." झाले, पोरे तिला 'बिनअर्थाची' म्हणू लागली. ती माझ्याकडे आली.

"आजी, ती बाई कुठल्या पानावर आहे? मला दाखव ना."

मी भांडी घासत होते. म्हणाले, "शास्त्रात शंका काढायच्या नसतात. जा, हातपाय धू."

ती गेली. त्यानंतर तिने मला शास्त्रातले काहीच विचारले नाही. उपासनेला येते, मागच्या बाकावर बसते, मांडीवरचे पुस्तक मिटलेले.

मी मात्र त्याच आठवड्यात उघडले. बाई कुठेच सापडेना. शेजारच्या निवृत्त मुद्रितशोधकांकडून जाडा शब्दकोश आणला. त्यात होते, की ही बहुधा गाणाऱ्यांसाठी खूण असावी: इथे थांबा. तेही नक्की नाही. स्तोत्रांत मी तो मोजला, एकाहत्तर ठिकाणी निघाला. इतकी वर्षे रोज वाचले आणि त्या शब्दापाशी एकदाही थांबले नाही, आणि तो बिचारा तेवढेच सांगत होता.

बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत नव्हते, म्हणून मी देवाचे नाव पुढे केले. ती चूक माझी, शास्त्राची नव्हे. माझ्यावरचा राग त्या पुस्तकावर काढू नकोस. वाच, आणि अडलीस तर अडून बस.

अट एकच. स्तोत्रांबाहेर हा शब्द बायबलातल्याच आणखी एका छोट्या पुस्तकात आहे. कोणत्या ते लिहीत नाही. शोधून दाखवशील तेव्हा बायबल तुझे.

सही केली.

साक्षीदार: १. शेजारचे मुद्रितशोधक (दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून मगच सही केली). २. पाळकीणबाई.

ठिकाण: स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: महिन्याचा दुसरा रविवार, उपासनेनंतर.

पुरवणी, त्याच दिवशी, साक्षीदार उठण्यापूर्वी: स्वच्छ प्रत काढण्यासाठी हा कागद नातीला दिला. पाचव्या कलमापाशी ती बराच वेळ थांबली. मग मान वर न करता म्हणाली, "हबक्कूक. तिसरा अध्याय. तीन वेळा."

मी विचारले, "कधी शोधलंस?"

"तेव्हाच. तू परत विचारलंच नाहीस."

सबब कलम पाच आजपासून अमलात. बायबल तिच्याकडे आहे. रात्री वाचायला मला लागेल तेव्हा मी तिच्याकडे मागून घेईन, आणि अडले तर तिलाच विचारीन.

सर्वांच्या पुन्हा सह्या.