कप त्यांचा, बॉल तुमचा

सर, आज मी तुमच्याच खुर्चीत बसून तुमच्या अगदी उलट निकाल दिला, आणि तरी एक पोरगी रडतच घरी गेली. आपल्या शिरूरच्या मैदानावर आता बायकांची फुटबॉल लीग भरते. सुना, कॉलेजच्या पोरी, सगळ्या खेळतात. तुम्ही बघायला हवं होतं. यंदा मुकादमाच्या गाड्या दसऱ्याच्या आतच आल्या आणि वस्तीवरचा आख्खा संघ ऊसतोडीला गेला. त्यांचे दोन सामने राहिले, म्हणून लीग तिथेच आवरावी लागली. गावातल्या संघाचे सगळे सामने झालेले, गुणही दोनने जास्त. पण सामन्यामागे किती गुण हे काढलं तर वस्तीच्या पोरी पुढे. कमिटीतले एक काका म्हणाले, "जे हायेत त्यायलाच द्या की बाई. गेलेल्यांची वाट कावून बघायची?" मी ऐकते होय! वस्तीचं नाव जाहीर करून मोकळी झाले. वाटलं, इतक्या वर्षांचं छातीवरचं ओझं उतरेल. तेवढ्यात गावातल्या संघाची गोलकीपर पुढे आली. "बाई, आमी कुठं गेलतो का? आमी तर हितंच होतो, समदे सामने खेळलो. आमचं काय चुकलं?" विचारलं आणि रडतच घराकडे वळली.

मी तुमच्या शाळेत होते आणि आम्ही ऊसतोडीला निघालो, त्या वर्षी मीही तुम्हाला असंच विचारलं होतं. मी ट्रकमध्ये भांडी आणि गोधड्यांच्या मधे उभी आहे, आईच्या मांडीवर धाकटा आहे, आणि तुम्ही सायकल हाणत येताय. आमचे सामने राहिले म्हणून तुम्ही कप गावातल्या पोरींना दिलाय. मी वरूनच ओरडते, "सर, आमचा कप त्यायला कावून दिला?" तुम्हाला धाप लागलीय. "ज्यांनी समदे सामने खेळले त्यायला दिला. तोंड वाकडं करू नको. कप त्यांचा, बॉल तुमचा." आणि शाळेचा नवा कोरा बॉल तुम्ही वर फेकता. तो आई झेलते. मी तुमच्याकडे पाठ करते. ट्रक वळेपर्यंत तुम्ही तिथेच उभे होतात, हे आईने नंतर सांगितलं.

उन्हाळ्यात परत आल्यावर तुम्ही शाळेच्या फाटकात विचारलंत, "बॉल कुठाय गं?" मी म्हणाले, "हरवला." तुम्ही "असू दे" म्हणालात आणि रुमालाने चष्मा पुसत राहिलात. पुढच्या हंगामात आम्ही उसाच्या फडात असताना तुम्ही वारलात. परतलो तेव्हा मैदानावर नवे सर शिट्टी वाजवत होते.

संध्याकाळी वस्तीच्या कॅप्टनला फोन लावला. ती हसली. म्हणाली, "बाई, कप तुमच्यापाशीच राहू द्या. कोपीत कुठं ठिवू? पाचटाचं घर हाय." म्हणजे जिंकल्या त्यांच्या हाती कप नाही, आणि ज्या इथे आहेत त्या माझ्याशी बोलत नाहीत. तुम्हालाही असंच झालं असेल, तरी तुम्ही सायकल काढलीत. मला तेवढंही जमलं नाही.

हा कागद दुमडून त्या कपातच ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? फक्त एक सांगायचं राहिलंय. सर, बॉल हरवला नव्हता. त्या हिवाळ्यात आम्ही कोप्यांसमोर रोज खेळलो, शिवण उसवून ब्लॅडर फुटेपर्यंत खेळलो. इतकं सुख मला पुन्हा कुठल्या मैदानावर मिळालं नाही. तुम्हाला बरं वाटू नये, एवढ्यासाठीच मी खोटं बोलले.