पावणेदोन सेकंद

बाई, आज सकाळी आठ ते दहा या दोन तासांत तुम्ही असतात तर मी फोन केला असता, आणि तुम्ही म्हणाला असता, "मुद्द्यावर ये." येते.

आमचा उपग्रह पृथ्वीभोवती फिरत आकाशातले गॅमा किरणांचे स्फोट टिपतो. स्फोट दोन सेकंदांच्या आत संपला तर बहुधा दोन मृत तारे एकमेकांवर आदळलेले असतात. तसे स्फोट कमी दिसतात, म्हणून एक दिसला की जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळतात. तो किती वेळ टिकला हे मोजायचं तर एरवीही येत राहणारे किरण, म्हणजे पार्श्वभूमी, वजा करावी लागते. स्फोटाच्या आधीची आणि नंतरची किती सेकंदं पार्श्वभूमी धरायची, हे आम्ही आलेख उघडण्याआधी वहीत शाईने लिहितो. ही शिस्त इथे मी लावली. मूळ तुमची.

काल दुपारी स्फोट आला. वहीप्रमाणे मोजला तर अडीच सेकंद. माझी सहकारी दिल्लीतच वाढलेली, हुशार, घाईची. ती म्हणाली, "मॅडम, उपग्रह आत्ताच कणांच्या पट्ट्यातून बाहेर आलाय, बॅकग्राउंड उतरतंय. जवळची सेकंदं घेऊया ना, बिल्कुल जस्टिफाइड आहे." घेतली. पावणेदोन. "चलो, शॉर्ट आहे! दुसऱ्या कुणी पाठवायच्या आत पाठवूया." मी हो म्हटलं. जगभरच्या दुर्बिणींना गेलेल्या नोटिशीवर पहिलं नाव माझं.

आज सकाळी दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी चहा उकळत असताना ईमेल वाचली. समुद्रापलीकडच्या डोंगरावरची मोठी दुर्बीण, तिथे अंधार पडताच, म्हणजे आपल्या साडेदहाला, आम्ही कळवलेल्या जागेकडे वळणार. त्यासाठी दुसऱ्या कुणाचं ठरलेलं निरीक्षण रद्द. मी गॅस बंद केला आणि लॅपटॉप उघडला. पार्श्वभूमीची सेकंदं थोडी अलीकडे, थोडी पलीकडे धरून सहा वेळा मोजलं. दोनच्या आत फक्त एकदाच आलं. काल निवडलं होतं तेच.

दुरुस्ती पाठवूया म्हटलं तशी सहकारी फोनवर रडवेली झाली. "मॅडम, लोक हसतील. पुढच्या वेळी आपल्यावर विश्वास कोण ठेवेल?"

"आज गप्प बसलो तर ठेवूही नये."

"आणि खरंच शॉर्ट निघाला तर?"

"तर निघेल. आपण तो मोजलेला नसेल."

बोलले ठणकावून, पण हात कीबोर्डवर थांबलेलेच. साडेनऊ. विमानं डोक्यावरून एकामागून एक उतरत होती. निवृत्तीला आठ महिने उरलेत, आणि एवढ्या वर्षांत मी एकही नोटीस मागे घेतलेली नाही.

तेव्हा माझ्या कॉलेजच्या दिवसांतलं तुमचं सरकारी क्वार्टरमधलं स्वयंपाकघर आठवलं. हिवाळा आहे. तुम्ही मटार सोलताय, माझी प्रयोगवही सालींशेजारी उघडी आहे. शिशाच्या डबीतल्या किरणोत्सारी स्रोताचे कण मोजायचा प्रयोग. पार्श्वभूमी किती मिनिटं मोजणार, ती ओळ कोरी. तुम्ही मान वर न करता म्हणता, "डबी उघडल्यावर ठरवलंस तर तुला हवं तेच उत्तर येईल, आणि आपण लबाडी केली हे तुला कळणारही नाही. परत कर सगळं." आणि एक दाणा माझ्या हातावर ठेवता. "खा. चेहरा पाडू नकोस."

पावणेदहाला मी दुरुस्ती पाठवली: 'कालावधी अडीच सेकंद. पावणेदोन हा आकडा आलेख बघितल्यानंतर निवडलेल्या पार्श्वभूमीवर आधारलेला होता. स्फोट लघु आहे असं म्हणता येत नाही.' दहा वाजून पाच मिनिटांनी उत्तर आलं, एका ओळीचं. दुर्बीण मूळ कार्यक्रमावर परत जातेय. स्फोट कसला होता ते आता कदाचित कुणालाच कळणार नाही. सहकारीने दिवसभर फोन उचललेला नाही.

बाई, पुन्हा केलेल्या त्या प्रयोगाची वही बघून तुम्ही खूश झाला होतात. ओळ आधी लिहिलेली, उत्तर चोख. मला काळ्या शाईचं पेन दिलंत. म्हणालात, "याने लिहिलेलं खोडता येत नाही." आमच्या वहीत मी अजून त्याच पेनाने लिहिते.

ती ओळ त्या दुसऱ्या वेळीही मी आधी लिहिली नव्हती. जागा कोरी सोडली, डबी उघडली, सगळं मोजलं, आणि मग पानावर मागे जाऊन ती भरली.