समोरच्या शाळेचा भोंगा

५ फेब्रुवारी, सोमवार

शी! सकाळीच तोंड कडू झालं.

गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मधे फक्त रस्ता, पलीकडे शाळा. एवढ्यात भोंग्यातून घोगरा आवाज — "तिसरी ब! बाई, फळ्यावरची ओळ बघा तुमची. डोंगर चढतेय का? मुलांनो, बघा, बाईंची ओळ कुठे चाललीय!" आणि अख्खा वर्ग खदखदून हसला.

तिसरी ब म्हणजे आमच्या सूनबाईचा वर्ग. नातही त्याच वर्गात.

ओला शर्ट हातात तसाच. पाणी पायांवर गळत राहिलं.

नव्या मुख्याध्यापकांनी सुट्टीत प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर एक डबा बसवून घेतलाय. शेजारी कॅमेरा. साहेब आपल्या खोलीत बसून सगळे वर्ग बघणार आणि तिथूनच बोलणार. जिने चढायला नकोत, कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवायला नको. मुलांनी त्यांचं नाव ठेवलंय — भोंगेसर. नावं ठेवण्यात मुलं चुकत नाहीत.

हे मुख्याध्यापक होते तेव्हा ह्यांचीही खोली तीच होती. पण हे तिथे सापडायचे कधी? सदा जिन्यावर. चपलांच्या टाचा झिजवून घरी यायचे. शेवटचा जोड अजून दाराशी आहे. मी हलवलेला नाही. केर काढताना उचलते, परत तिथेच ठेवते.

संध्याकाळी सूनबाई आली. भाजी चिरायची म्हणून चिरली. मुलाच्या कानावर घातलं, तर म्हणाला, "नोकरी म्हटली की चार शब्द ऐकून घ्यावेच लागतात."

"ऐकायला ती एकटी नव्हती रे. पोरंही ऐकत होती."

चिरंजीव मोबाइलमध्ये शिरले.

६ फेब्रुवारी, मंगळवार

आज चित्रकला मास्तरांची पाळी. "वर्ग घेताय की झोपा काढताय?" मास्तर ह्यांच्या वेळचे. बोलताना शब्द अडतो त्यांचा, हात मात्र कधी अडत नाही. पण भोंग्याला हात कुठला ऐकू यायला!

८ फेब्रुवारी, गुरुवार

भोंगेसरांनी सगळ्या शिक्षकांना एक जाडजूड पुस्तक वाटलंय. शाळेचं नेतृत्व कसं करावं. सूनबाईने ते कपाटावर फेकलं. मी खाली काढलं.

मी हाताला लागेल ते वाचते. चौथीनंतर शाळा सुटली, पण लग्न झाल्यावर ह्यांच्या कपाटातलं एकेक काढत वाचत गेले. अडलं की शब्दकोश. शब्दकोशातही अडलं की हे. आता नुसता शब्दकोश.

दुपारभर वाचलं. पानोपानी प्रेरणा! पानोपानी उद्दिष्टं, आलेख, बाण. एक बाण वर, एक बाण खाली, मधल्या चौकोनात "शिक्षक". एवढ्या पानांत एक शिक्षक खोकत नाही. कुणाचं मूल तापलेलं नाही, कुणाचा घसा बसलेला नाही, कुणाला रडू आलेलं नाही. चौकोनाला कसलं आलंय रडू!

एकच वाक्य बरं निघालं — शिक्षकाची चूक दाखवायची ती एकांतात. त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. म्हणजे साहेबांनी पुस्तक वाटलं, वाचलं नाही. पंगतीला वाढणारा स्वतः जेवला नसला की त्याला अळणी काय नि खारट काय!

११ फेब्रुवारी, रविवार

नात बाहुल्यांची शाळा खेळत होती. वर्तमानपत्राची सुरळी करून तोंडाला लावली आणि केवढ्याने ओरडली — "ए टीचर! मला सगळं दिसतंय हं!" मग टीचर झालेल्या बाहुलीला पालथी टाकली.

मला म्हणते, "आजी, तू टीचर हो. मी भोंगा होते."

"तू का नाही टीचर होत?"

"हॅ! टीचरला सगळे ओरडतात."

मान वर केली तर दारात सूनबाई. सगळं ऐकलं होतं तिने.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आज बोलली एकदाची. भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून.

"आई, मी सोडते नोकरी. फळ्याकडे तोंड केलं की मानेवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. गोष्टी सांगायच्या सोडल्या मी. आता कधी ओरडेल, एवढीच वाट बघत उभी असते."

ही गोष्टी सांगायची तेव्हा मला इथे गॅलरीत कळायचं. लांडग्याचा आवाज काढायची आणि पोरं किंचाळायची. मी डाळ निवडता निवडता हसायची. बरेच दिवस लांडगा आला नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

शिकवणं सोडलं तर ही उरेल काय? घरात फिरणारी एक बाई. तशा बायका मी पुष्कळ बघितल्यात. मीच होते, पुस्तकं हाती लागेपर्यंत.

मग मी तिला ह्यांचं सांगितलं. एखाद्या शिक्षकाचा दिवस वाईट असला की हे स्वतः वर्गावर जायचे. म्हणायचे, तुम्ही माझ्या खुर्चीत जाऊन बसा, मी तुमचा वर्ग घेतो.

"आणि मग?"

"मग काय! घटकाभर टेकायचं, चहा प्यायचा, परत वर्गावर."

"रागावायचे नाहीत?"

"मला तरी घरी एवढंच सांगायचे. कोण, काय, कधी — नाव म्हणून नाही."

तिने नळ बंद केला. मग म्हणाली, "असं कुणी असतं तर कुणीच सोडलं नसतं, आई."

राजीनाम्याचं तिथेच राहिलं. वह्या तपासायला बसली.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

भोंगा. भोंगा. भोंगा. कानात बोटं घालून बसले.

२० फेब्रुवारी, मंगळवार

भोंगेसर शिबिराला चाललेत. कसलं शिबिर? नेतृत्वाचं! हसावं की थुंकावं?

माघारी कारभार सूनबाईकडे. "तुम्ही आता शिस्तीत आलात," असं म्हणाले म्हणे तिला. म्हणजे भीती बसली त्याला हे शिस्त म्हणतात.

पण तिचा चेहरा मात्र उजळला होता. "आई, थोडे दिवस का होईना, भोंगा माझ्या हातात आहे. कुणाचं मन दुखवणार नाही. बाबा करायचे ना, तसंच करीन."

मलाही बरं वाटलं. रात्री जेवण गोड लागलं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

लिहवत नाही, पण लिहिते.

मधल्या सुट्टीनंतर भोंगा वाजला. आवाज सूनबाईचा. किती गोड! किती मऊ!

"चित्रकला सर, आज तुमचा दिवस बरा दिसत नाही. तुम्ही इकडे येऊन माझ्या खुर्चीत बसा हं. तुमचा वर्ग मी घेते."

भोंग्यातून. सगळ्या वर्गांना ऐकू जाईल असं.

कुठूनतरी एक पोर हसलं, मग वरचा मजला, मग खालचा. "सरांचा दिवस बरा नाही!" कुणीतरी चालीवर म्हणायला लागलं.

थोड्या वेळाने फाटक उघडलं. मास्तर बाहेर आले. खांद्यावर शबनम पिशवी, हाताला रंग. त्यांनी वर गॅलरीकडे बघितलं. मी आत सरकले. मी का सरकले? माझं तोंड दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं म्हणून.

त्या भोंगेसराची घाण वाटायची. आज आपल्याच घराची वाटली.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सूनबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी काय वाईट केलं, आई? बाबा करायचे तेच केलं ना?"

"ते भोंग्यातून करायचे?"

"पोरं कागदाचे बोळे मारत होती त्यांना! मला पडद्यावर दिसत होतं. जिना चढून जाईपर्यंत वर्ग हातचा गेला असता."

"मग जायचंस धावत."

"तिथे बसलं ना, आई, की उठावंसंच वाटत नाही. सगळं समोर दिसतं. वाटतं, बटण दाबलं की झालं." आणि तिचा आवाज चढला, "आणि बाबा कसं करायचे ते तुम्ही कुठे सांगितलंत? खुर्ची सांगितलीत, वर्ग सांगितलात. कसं, ते कुठे सांगितलंत!"

मला तरी कुठे माहीत होतं?

मास्तर आज आले नाहीत.

२५ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांकडे गेले. एका खोलीत राहतात, खिडकीखाली रंगांच्या बाटल्या. मला बघून उठून उभे राहिले. अजून "वहिनी" म्हणतात. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर हातानेच नको म्हणाले. चहा टाकला.

मग अडत अडत सांगितलं. पहिल्याच वर्षी वर्गात शब्द अडला आणि सुटेचना. पोरं नक्कल करायला लागली. तेवढ्यात दारात हे. आत डोकावून म्हणाले, "मास्तर, ऑफिसात तुमचा फोन आलाय."

मास्तर धावत खाली. टेबलावर रिसीव्हर काढून ठेवलेला. कानाला लावला, तर नुसता पों आवाज. शेजारी चहाचा कप, वर बशी झाकलेली.

"मग क-कळलं, वहिनी. फोन कुणाचाच नव्हता."

चहा पिऊन, तोंड धुऊन वर गेले. फळ्यावर ह्यांनी एक भयंकर घोडा काढून ठेवला होता. म्हणाले, "बरं झालं आलात! पोरं मला गाढव म्हणतायत. तेवढा नीट करून द्या." मास्तरांनी चार रेघांत घोडा धावता केला. पोरं आ वासून बघत राहिली. पुन्हा नक्कल कुणी केली नाही.

"अशा कुणाकुणाला फोन यायचा?"

"क-कुणी कुणाला सांगायचं नाही. पण यायचा सगळ्यांना."

म्हणजे माझा नवरा रोज खोटं बोलत होता! साखरेचा आजार होता, पण माझ्यासमोर तेवढं साधं खोटंही जमायचं नाही. गोड खाल्लं की घरात पाऊल टाकल्या टाकल्या, "मी खाल्लं गं." आणि तिकडे रिसीव्हर काढून ठेवून, तोंड सरळ ठेवून — फोन आलाय!

वाटेत हसू आलं. शाळेच्या फाटकाशी आले आणि रडू आलं. इतकं जवळचं माणूस, आणि अजून कळायचं राहिलंच होतं. विचारायला आता घरी कोण आहे?

२६ फेब्रुवारी, सोमवार

सूनबाईला सगळं सांगितलं. रिसीव्हर, बशी, घोडा. ऐकता ऐकता तिने पदर तोंडाला लावला. म्हणाली, "म्हणजे बाबांनी झाकलं होतं ते. नुसता चहा नाही."

उठली, चपला घातल्या, मास्तरांकडे गेली. एकटी. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तर आले शाळेत. भोंगेसरही आले. शिबिरातून ताजेतवाने होऊन — आवाज आणखी खणखणीत!

सूनबाई रात्री म्हणाली, "उद्यापासून भोंगा माझ्यावर आहे. माझ्याच कारभारात मास्तर निघून गेले ना. ह्या वेळी ओरडले तर मी तशीच घरी येईन, आई. परत जाणार नाही."

२८ फेब्रुवारी, बुधवार

दुसरा तास. "तिसरी ब! बाई, चार दिवस शाळा सोपवली तर एक माणूस सांभाळता आला नाही तुम्हाला? मुलांनो, तुम्हीच सांगा—"

दोरीवरचे कपडे तसेच टाकले. पाय सरकवले ते ह्यांच्या जोडात, हे रस्ता ओलांडल्यावर कळलं. वॉचमन उठून उभा राहिला. जिना चढले.

सूनबाई भिंतीला लागून उभी, हातात खडू, चेहरा पांढराफटक. डबा चालूच.

दारातून म्हटलं, "बाई, घरी तुमचा फोन आलाय." आणि घराची किल्ली पुढे केली.

बघत राहिली माझ्याकडे. किल्ली घेतली. परत माझ्या मुठीत ठेवली, वर खडूही.

"ऑफिसातच घेते, आई," म्हणाली. आणि जिना उतरली.

मी फळ्याशी गेले. करणार काय? घोडा काढायला घेतला.

"कोण आहे ती वर्गात? ओ बाई! कोण तुम्ही?"

मी काढत राहिले. मग डब्यातच दार आपटल्याचा आवाज, आणि सूनबाई. आवाज मऊ नाही, चढलेलाही नाही.

"सर, आधी ते बंद करा. मग बोलू."

खट्.

कधी नव्हे ते सगळी शाळा गप्प.

पहिल्या बाकावरून नात म्हणाली, "आजी, घोड्याला तीनच पाय आहेत."