रेणुकाबाईशेजारची जागा

मी, महिपत दाजीबा भोयर, वय एकाहत्तर, धंदा पिठाची गिरणी व शेती, राहणार जांभुळखेडा, मंडल तामसी, जिल्हा आदिलाबाद, लिहून ठेवतो की माझं शरीर थकलं आहे, बुद्धी अजून जागेवर आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही की धमकावलेलं नाही. धमक्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत, त्या मला लगेच ओळखू येतात. हा कागद मी राजीखुशीने करतो. याआधी दुसरा केलेला नाही.

१. गावठाणातलं दोन खोल्यांचं कवेलूचं घर, भांड्याकुंड्यांसह, माझी एकुलती मुलगी प्रणिता हिला. ती उटनूरला आश्रमशाळेत शिकवते. २०११ साली मी आणि माझी बायको रेणुकाबाई यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रणिताच्या हळदीला तेव्हा नऊ दिवस राहिले होते. सोयरीक मोडली. विश्वास आमचा होता, भोगलं तिने, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं. मीसुद्धा नाही. पोरी, माफी मागायला मला इतकी वर्षं लागली. घरात तू देवघर मांड, नाहीतर मांडू नको. माझी काही अट नाही.

२. गिरणी, मोटार, काटा आणि दगडांना टाकी लावायची हत्यारं बयनाबाई मारोती ठमके हिला. पुढे कोणी उजर करू नये म्हणून कारण लिहितो.

बाप्तिस्म्यानंतर माझा धाकटा भाऊ चंपतराव याने मारुतीच्या पारावर बैठक बोलावली. आदल्या दिवशी गिरणीचा पट्टा कोणीतरी कापला होता. ठरलं ते असं: महिपतकडे दळायचं नाही, त्याला दूध द्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. मग मला उभं केलं.

"माघारी फिरतो का नाई, तेवढं सांग," चंपतराव म्हणाला.

खरं लिहितो, मी "फिरतो" म्हणणार होतो. तेवढ्यात रेणुकाबाई बायकांतून उठून पुढे आली.

"तुमी बसा, मी सांगतो," ती मला म्हणाली. मग पाराकडे वळली. "सात आठवडे मी दवाखान्यात पडून होतो. खोकल्यातून रगत पडे. तुमच्यातलं कोन आलं? येसू आला. आता तो आमच्या घरात हाय. त्याले हाकलू कसा?"

दुपारी घरी आलो. गिरणीवाल्याचं घर, पण डब्यात पीठ नव्हतं. तिने बिनदुधाचा चहा ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुमचे पाय कसे लटलट कापून राह्यले होते!" आणि हसायला लागली. मग मीही हसलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो आणि मग दोघं मिळून गायलो. गावाने आम्हाला टाकलं त्याच दिवशी आम्ही असे आनंदात होतो. तो आनंद कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. धीर तर सगळा तिचाच होता.

पुढे दीड वर्ष मी रोज सकाळी गिरणी उघडून रिकामा बसलो. सगळेच दिवस त्या दुपारसारखे नव्हते. बरेचसे नुसते ओढले. मग एका बाजाराच्या दिवशी बयनाबाई, एकटी विधवा बाई, सगळ्यांदेखत डोक्यावर ज्वारीचं टोपलं घेऊन आली.

"दळून राह्यला का झोपून राह्यला? मले भाकरी टाकाच्या हायेत."

पारावरून कोणीतरी हटकलं. तिने मागे पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात आणखी दोघी आल्या.

३. कापसाचं तीन एकर शेत, जमिनीच्या पासबुकासह, प्रणितालाच. त्यातून धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, पळसाखालची जागा वगळली आहे. २०१६ साली रेणुकाबाई वारली. गावाने मसणवट्यात पुरू दिलं नाही, म्हणून तिला तिथे ठेवलं. चंपतराव पलीकडे आपल्या शेतात बैलांपाशी उभा राहिला. त्याची बायको मथुराबाई तेवढी धुरा ओलांडून आली आणि तिने माती दिली. मला रेणुकाबाईशेजारी पुरावं. पण शेजारची जागा चंपतरावाच्या हद्दीत पडते. माझ्यात आता भांडायची ताकद उरलेली नाही.

४. त्या जागेच्या बदल्यात ओढ्यालगतचे माझे दहा गुंठे चंपतरावाला. त्याला मी माफ केलं आहे. ते एकदा करून भागत नाही, रोज करावं लागतं. काही दिवस राहूनही जातं.

एवढं लिहून झाल्यावर आज वकील राजकुमार यांनी कागद वाचून दाखवला. जागेला संमती हवी म्हणून चंपतरावाला बोलावलं होतं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"दादा, दहा गुंठे काऊन लिहिले? वैनीले माती द्याले मी आलो नाई. आता त्या जागेचं मोल घेऊ का? जागा तुहीच हाय."

वकील म्हणाले, अजून एक साक्षीदार लागतो. पण साक्षीदार म्हणून जो सही करील, त्याला या कागदाने काही घेता येत नाही.

"म्हंजे सई केली तर माह्ये दहा गुंठे गेले?" चंपतरावाने विचारलं.

"गेले."

"मंग आणा पेन इकडं."

सबब कलम चार रद्द. ते दहा गुंठेही प्रणिताला.

ठिकाण: जांभुळखेडा
तारीख: १४ नोव्हेंबर २०२४

लिहून देणार: महिपत दाजीबा भोयर (सही)

आमच्यासमोर त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. राजकुमार विठोबा गेडेकर, वकील, आदिलाबाद (सही)
२. चंपतराव दाजीबा भोयर, लिहून देणाराचा सख्खा भाऊ (सही)