लाल दवाईची बोटं

माय, काल सुनेनं द्राक्षं आणली आणि मिठाच्या पाण्यात भिजत घातली. वर खायचा सोडा टाकला आणि मला म्हणाली, इतक्यात हात लावू नका, फवाऱ्याचं विष असतं. मी त्या पाण्याकडे बघत बसले. साठएक वर्षांपूर्वी अहेरीच्या आपल्या सैपाकखोलीत तू अशीच पातेल्यासमोर उभी असायचीस, फक्त तुझं पाणी जांभळं असायचं. बाबा दवाखान्यात कंपाउंडर, त्यामुळे विहिरीत टाकतात त्या लाल दवाईची, पोटॅशियम परमँगनेटच्या खड्यांची, एक बाटली आपल्या फडताळात कायम असे. आठवडी बाजारातून आलेलं काहीही त्या पाण्यातून गेल्याशिवाय चुलीजवळ जात नसे. वांगी, आणि सून ज्यांना टोमॅटो, कोथिंबीर, पेरू म्हणते ती आपली भेदरं, सांबार, जाम, सगळ्यांना अंघोळ. एकदा कोहळा पातेल्यात मावेना, तर तू त्याला कडेवर घेऊन न्हाणीत गेलीस. मलेरियावाले भिंतींवर डीडीटी मारून गेले तेव्हा कुडावरच्या वालाच्या शेंगाही पांढऱ्या झाल्या. तू त्या लाल पाण्यात धुतल्यास, मग राखेनं, मग पुन्हा लाल पाण्यात, आणि शेवटी समाधान होईना म्हणून गाईलासुद्धा न देता पुरून टाकल्यास. लाल दवाई जंतूंसाठी असते, डीडीटीपुढं तिचं काही चालत नाही, असं बाबांनी सांगून पाहिलं. मग तुमचा दवाखाना काय कामाचा, असं विचारून तू त्यांच्याशी अबोला धरलास.

या धुण्यानं तुझी आणि माझी बोटं कायम तपकिरी असायची, नखांच्या कडा तर काळ्याच. आपल्या घरात कुणाला त्याचं काही वाटत नसे. पण मला बघायला आलेली दोन स्थळं काही न सांगता परत गेली होती, आणि तिसरं चामोर्शीहून येणार होतं. हेही गेलं असतं तर पोरीत काही खोट आहे अशी कुजबुज गावभर झाली असती. त्या सकाळी बाबा म्हणाले, पोरीच्या बोटांना लिंबू चोळा, डाग निघतील. तू लगेच लिंबं काढलीस, आणि बाजारातनं तशीच आलीत, आधी धुऊन घे म्हणून माझ्याच हातात दिलीस. मी धुतली. कशात धुतली ते वेगळं सांगायला नको. तेवढ्यात दारात पाहुण्यांची बैलांची रेंगी येऊन थांबली, लिंबू चोळायचं राहून गेलं, आणि बाबा कपाळाला हात लावून ओट्यावर बसले.

मी चिरलेल्या जामाचं ताट घेऊन बाहेर येते. मुलाची आत्या माझ्या तोंडाकडे बघतच नाही, तिची नजर ताटाखालच्या माझ्या बोटांवर. ताट सगळ्यांपुढून फिरतं आणि जसंच्या तसं परत येतं. आपल्या भागात हातावर डाग दिसले की लोकांच्या मनात बोटं झडवणारा तो एकच रोग यायचा, आणि त्याचं नाव कुणी घेत नसे. आत्यानंही घेतलं नाही.

"पोरीचे बोटं असे काऊन? काई लपवून राह्यले का तुमी?"

बाबा घाबरून दवाखान्याच्या भाषेत बोलू लागले, तशी पाहुणेमंडळी आणखीच मागे सरकली. तेव्हा तू पातेलं घेऊन बाहेर आलीस. पाहुण्यांसमोर बायकांनी असं यायची रीत नव्हती. पातेलं तू आत्यापुढं ठेवलंस, बाटलीतली चांगली चिमूटभर दवाई त्यात टाकलीस आणि पाणी गर्द जांभळं झालं.

"माह्यं एक लेकरू पटकीनं नेलं, बाई. बाजारची काकडी खाल्ली होती त्यानं. हिले मी बोटं काळे करून वाचवलं. रोग वाटते तर तुमी बुडवून पाहा."

त्या भावाबद्दल तू त्याआधी माझ्यासमोरही कधी बोलली नव्हतीस. मला तुझा इतका अभिमान वाटला की रडूच येणार होतं. मग मुलानं, ज्यानं तोवर मान वर केली नव्हती, बाही सारली आणि मनगटापर्यंत हात पातेल्यात घातला. आत्याला दुसरा मार्गच उरला नाही. तिनं करंगळी बुडवली. मग बाकीच्यांनीही भिडेखातर एकेक बोट घातलं, आणि सगळे आपापल्या बोटाकडे टक लावून रंग चढायची वाट बघत बसले. बसल्या बसल्या दुसऱ्या हातानं जामही संपवले. रंग चढला. आत्यानं करंगळी उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "पोरगी चालते. पन आमच्या घरी हे पानी नाई चालनार." लग्नानंतर वर्षभरात तीच माझ्याकडं वाटी घेऊन दवाई मागायला यायला लागली.

तुझ्या शेवटच्या आजारात मात्र तू बरेच महिने अंथरुणावर होतीस. कुणी तुला पातेल्यापर्यंत जाऊ देईना. तुझ्या बोटांचा रंग हळूहळू उतरला. तू गेलीस त्या दिवशी मी तुझा हात हातात घेतला तर तो कुण्या परक्या बाईचा वाटला. नखं इतकी स्वच्छ की मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. तुझ्यापर्यंत पोचलंच, तर पोस्टमनचे हात कुठं कुठं लागलेले असतात म्हणत तू ते आधी पाण्यातून काढशील, आणि मग वाचायला काय उरणार. पण एक सांगते, सुनेला हे माहीत नाही. तुझी ती बाटली माझ्या कपाटात आहे, आणि मी ती रिकामी होऊ देत नाही. दुपारी सून झोपली की मी वाटीभर पाण्यात एक खडा टाकते. धुवायला काही नसतं. नुसती बोटं बुडवून बसते, रंग चढेपर्यंत.