यात्रेदिवशी बाहेरून कुलूप

धाराशिव, २२ नोव्हेंबर २०२५

चि. शिवलिंगप्पास अक्काचा आशीर्वाद. कालच्या प्रकारानंतर जेमतेमच.

काल, शुक्रवार दिनांक २१, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी मी अणदूरला तुझ्या दारात उभी होते. खंडोबाची यात्रा, गावात पाय ठेवायला जागा नाही, आणि माझ्या माहेराला बाहेरून कुलूप! शेजारच्या माणिकप्पाने सांगितले, की सगळे पुण्याला नंदीशकडे गेलेत. तेवढ्यात आतून तू शिंकलास. लागोपाठ तीनदा. ती शिंक मी तू पाळण्यात होतास तेव्हापासून ओळखते. माणिकप्पा आभाळाकडे बघू लागला.

यात्रेच्या दिवशी मी स्टँडवर उभ्याने वडापाव खाऊन परतले. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर खोटे बोलणाऱ्याला बाकावर उभे करत. तुझ्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, म्हणून लेखी खुलासा पाठव.

तुझी (अजून तरी),
महानंदाक्का

अणदूर, २७ नोव्हेंबर

ती. अक्कास शरणार्थ.

पत्र वाचून सुवर्णा रडली. मला तोंड वर करायला जागा न्हाय.

नंदीशच्या कंपनीतनं माणसं कमी करायलेत. पोराची नोकरी गेली न्हाय, पण जाईल असं तो रोज म्हणतो. फ्लॅटचा हप्ता डोक्यावर. आम्ही इथं नोकरी गेल्यासारखंच राहायलोय. दूध निम्मं केलं, माझा चष्मा लांबणीवर टाकला, यात्रेचं जेवण बंद. बाकी पाहुण्यांना आजारपण कळवलं. तुम्हाला खोटं सांगायची छाती झाली न्हाय. तुम्ही वळणावर दिसलात अन् म्याच माणिकप्पाला कुलूप लावायला सांगितलं. नंतर तो किल्ली घेऊन यात्रेत गेला. दिवे लागेपर्यंत आम्ही आतच.

पिठलं-भाकरी तुम्ही गोड मानली असती. पण माहेरवाशिणीला साडीशिवाय कसं धाडावं? गेल्या पंचमीची साडी बघून तुम्ही चारचौघींत विचारलं होतं, की ही नेसायची का खिडकीला लावायची. सगळ्या हसल्या, सुवर्णाबी हसली. यंदा तेवढीबी झेपत नव्हती. तुमच्या बोलण्याला भ्यालो, अक्का. चुकलो. पदरात घ्या.

तुमचा,
शिवलिंगप्पा

धाराशिव, २ डिसेंबर

चि. शिवलिंगप्पा आणि चि. सौ. सुवर्णा, आशीर्वाद.

झणझणीत उत्तर लिहायला बसले होते. चार ओळी लिहून फाडल्या.

सुवर्णा, तू हसलीस, म्हणून मला वाटले विनोद जमला. तो मी नंतर आणखी चार घरी सांगितला. आता त्या घरांसमोरून जाताना मान खाली जाते. शिवलिंगप्पा, चष्मा मात्र ताबडतोब करून घे. पुण्याची काळजी अणदूरात धूसर डोळ्यांनी केल्याने कमी होत नाही. माझे पेन्शन पडून आहे, पण तो विषय काढायचा अधिकार मी सध्या गमावला आहे.

माहेरी यायला मी आजवर कधी विचारले नाही. आता विचारते. रविवारी, १४ डिसेंबरला, यायचे म्हणते. साडी नको, खण नको, ओटीत मूठभर तांदूळ पुरेत. येऊ का?

लोभ असावा, हे या वेळी सवयीने लिहीत नाही.

उत्तर सुवर्णाच्या हस्ताक्षरात हवे, १० डिसेंबरच्या आत. 'नको' असले तरी चालेल, पण लेखी.

महानंदा