गोथेनबर्गमध्ये पाऊस नव्हता

अल मनखूल, दुबई

प्रिय ओवी,

तू पलीकडच्या खोलीत आहेस आणि मी तुला पत्र लिहितेय. बाबाला कळलं तर हसेल. पण समोरासमोर बसलं की तू दोन इंग्लिश वाक्यांत विषय संपवतेस आणि मला रडू येतं. म्हणून कागदावर, मराठीत. तुला वाचायला वेळ लागेल. लागू दे.

डेन्मार्कच्या ट्रेनिंगला मी नाहीच म्हणणार होते. जबल अलीच्या ऑफिसात इतकी वर्षं असल्या प्रत्येक गोष्टीला मी "घरी जमणार नाही" म्हणत आले आणि कुणी कधी पुढे विचारलं नाही. तूच म्हणालीस, "मम्मा, जस्ट गो. आय ॲम नॉट अ बेबी." मधल्या वीकएंडला बोटीने स्वीडनला जायचं, गोथेनबर्ग पायी फिरायचं, ही कल्पनाही तुझीच. फेरीचं तिकीट तू काढलंस, नकाशावर रस्ते तू दाखवलेस. वर अगदी सहज म्हणालीस, "यू वॉक इट फॉर मी." मी स्वयंपाकघरात गेले आणि उगीचच नळ सोडून उभी राहिले.

बोटीवर मी मनाने तुझ्यासोबतच होते, शपथ. डेकच्या दाराला उंबरा होता, तर मनात आलं, तुझी व्हीलचेअर मागे तिरकी करावी लागेल. गोथेनबर्गला उतरल्यावरही तेच. हागा नावाच्या जुन्या भागात सगळा रस्ता दगडी. माझी नजर फुटपाथची कड बघत होती, रॅम्प शोधत होती, तुझी पुढची चाकं कुठे अडकतील ते मोजत होती. एवढी वर्षं मी गावं अशीच बघितली आहेत गं, खाली मान घालून. तिथे ताटाएवढा दालचिनीचा बन मिळतो. अर्धा तुझ्यासाठी बाजूला काढला आणि मग माझं मलाच हसू आलं.

मग एक टेकडी दिसली, वर जुना किल्ल्याचा बुरूज आणि तिथवर नुसत्या पायऱ्या. दुसऱ्या बाजूने चढाचा रस्ता असेलही, मी बघितलाच नाही. पायऱ्यांनी निघाले. आधी हळू, मग भराभर, मग चक्क पळत. वर पोचले तेव्हा धाप लागली होती, केस सुटले होते. खाली लाल कौलं, नदी, लांबवर बंदराच्या क्रेन. वारा असा की ओढणी धरून ठेवावी लागत होती. मी एका बाकावर बसून तो उरलेला अर्धा बनही खाऊन टाकला. तिथून उतरले ती नदीकाठाने चालतच राहिले, कुठल्याही गल्लीत वळले, चुकले, परत फिरले. ओवी, त्या सगळ्या वेळात तू माझ्या मनात नव्हतीस. एकदाही नाही.

भानावर आले ती पर्समधला फोन बघून. तुझे कितीतरी मिस्ड कॉल. नदीकाठच्या कठड्याला धरून मी फोन लावला आणि तू मजेत सांगत सुटलीस. बाबा शारजाला वर्कशॉपवर गेलेला, तू ज्यूस आणायला खाली उतरलेली आणि लिफ्ट बंद पडलेली. वॉचमन म्हणे, "पाँच मिनट, इन्शाल्ला," आणि दुपार सरली तरी लिफ्ट तशीच. बाहेर भट्टी पेटलेली. शेवटी तू तळमजल्यावर जुलेखाआंटीच्या शिलाईच्या दुकानात गेलीस. बाथरूमला जायची वेळ आली तेव्हा स्वतः तिला सांगितलंस, तिने शटर ओढून घेतलं, आणि कसं उचलायचं, कुठे धरायचं, ते तू तिला शिकवलंस. "शी वॉज मोअर स्केअर्ड दॅन मी, मम्मा!" तू हसत होतीस. ते काम आजवर मी दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं. बाबालाही नाही.

मग तू विचारलंस, "सो, हाऊ इज गोथेनबर्ग?" आणि मी म्हटलं, पाऊस आहे. सारखा पडतोय. हॉटेलातच बसून आहे.

लख्ख ऊन होतं, बाळा. तू खाली अडकली होतीस तेव्हा मी टेकडीवर बन खात होते, हे माझ्या तोंडून निघेना. तू हळूच म्हणालीस, "ओह मम्मा. यू वेटेड सो लाँग फॉर धिस." खरोखर वाईट वाटलं तुला. परत आल्यापासून तू तीनदा फोटो मागितलेस आणि मी विषय बदलला. फोटो आहेत. खूप आहेत. एकात तर मी दात काढून हसतेय, माझी मलाच ओळख पटत नाही.

मँचेस्टरच्या युनिव्हर्सिटीत तुला मिळालेल्या ॲडमिशनला मी एप्रिलपासून अडून बसले आहे. हॉस्टेलात कोण बघणार, थंडी सोसायची नाही, उचलताना कुणी पाडलं तर, रोज एक नवीन कारण. बाबाला सांगत राहिले की ओवीला माझ्याशिवाय जमणार नाही. त्या दुपारी तुला जमलं. खरी भीती वेगळीच होती. तू गेलीस तर माझे हात रिकामे होतील, आणि ते मला आवडलं तर? तर मी कसली आई? हे टेकडीवरून उतरल्यावर कळलं आणि मी पहिली गोष्ट काय केली, तर तुझ्याशी खोटं बोलले. लाज अजून गेलेली नाही, जाईल असंही वाटत नाही, पण तिच्यापायी तुला इथे डांबून ठेवणं बरोबर नाही. गुरुवारी तुला मँचेस्टरला उत्तर द्यायचंय. 'हो' कळव. चिडली असशील तर आधी माझ्यावर ओरडून घे, मी जागीच आहे. पण कळव.

तुझीच,
मम्मा